रिस्ट्रिक्शन डायजेशन पुन्हा फसलं? एन्झाइमला दोष देण्याआधी हे तपासा

आमच्या बेंचवर दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी मोबाइलवर जेलचा फोटो घेऊन येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एन्झाइम गेलंय." बरीच वर्षं मी ही डायजेशन्स लावते आहे: ठरावीक अक्षरांच्या जागी (साइटवर) डीएनए कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम घालायचं आणि झालेले तुकडे जेलवर आकारानुसार बँड म्हणून बघायचे. माझी स्वतःचीही पुष्कळ फसली आहेत. पण एन्झाइम खरोखर मेलेलं निघालं असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्या वेळी घोळ डीएनएमध्ये होता, नकाशात होता, नाहीतर जेल वाचण्यात होता. म्हणून खालचा क्रम असा आहे: आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, मग वेळखाऊ. नवीन एन्झाइम मागवणं अगदी शेवटी.

लक्षणं

"कापलं नाही" एवढं सांगून भागत नाही. फोटोत नक्की काय दिसतंय ते आधी ठरवा, कारण प्रत्येक लक्षणाची वाट वेगळी आहे.

एन्झाइम घातलेली लेन (एका नमुन्याची जेलवरची पट्टी) न घातलेल्या लेनसारखीच हुबेहूब दिसते. म्हणजे काहीच कापलं गेलेलं नाही. साइटच नाही, साइटवर मिथाइल (एक छोटा रासायनिक गट) बसलंय, रिअ‍ॅक्शनमध्ये काहीतरी अडथळा आहे, किंवा ट्यूबमध्ये एन्झाइम पडलंच नाही.

अपेक्षित बँड आहेत, पण त्यांच्या वर, म्हणजे मोठ्या आकाराचे, आणखी बँड आहेत. हे अर्धवट डायजेशन. काही रेणू सगळ्या साइटवर कापले गेले, काही एखाद्याच साइटवर.

जास्तीचे बँड अपेक्षितपेक्षा खाली आहेत. इथे उलट झालंय: नको तिथेही कापलं गेलंय, किंवा तुमच्या नकाशात एक साइट कमी आहे.

बँड नाहीच, नुसता धूर. न्यूक्लिएजने, म्हणजे डीएनए वाटेल तिथे तोडणाऱ्या एन्झाइमने, डीएनए चावून टाकलाय.

डीएनए वेलमध्येच (नमुना ओतायच्या खाचेतच) अडकून बसलाय किंवा बँड जागेवरून वर सरकून पसरलाय. बहुधा एन्झाइम डीएनएला चिकटूनच राहिलंय. लोडिंग डायमध्ये थोडं एसडीएस हे डिटर्जंट असू द्या (अंतिम प्रमाण ०.१ ते ०.५ टक्के), १० मिनिटं ६५ अंशांवर ठेवा आणि पुन्हा जेलवर चढवा. बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो आणि पुढचं वाचायची गरज उरत नाही.

जेल पुन्हा बघा, या वेळी शांतपणे

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं.

पहिला प्रश्न: शेजारी न कापलेला प्लाझ्मिड (जिवाणूतला गोल डीएनए) चालवला होता का? नसेल तर तुम्ही अंदाज बांधताय, निदान करत नाही. न कापलेला प्लाझ्मिड जेलवर एक बँड देत नाही. पीळ बसलेलं सुपरकॉइल रूप सगळ्यात पुढे पळतं, एका धाग्याला खाच पडलेलं सैल वर्तुळ सगळ्यात मागे राहतं, आणि सरळ झालेला रेणू साधारण मध्ये. लॅडरच्या (माहीत आकारांच्या तुकड्यांच्या मोजपट्टीच्या) आकड्यांशी जुळतो तो फक्त सरळ रेणू. ६ हजार बेसचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा) प्लाझ्मिड कुणीतरी न कापता चालवतो, त्याला "साडेतीन हजारांचा" बँड दिसतो आणि तो म्हणतो क्लोन चुकलाय. क्लोन बरोबर आहे, लॅडर सुपरकॉइलसाठी बनलेलाच नाही.

दुसरा प्रश्न: छोटा तुकडा दिसायला हवा होता, पण दिसेल इतका होता का? ६,००० बेसच्या प्लाझ्मिडमधून १२० बेसचं इन्सर्ट (त्यात घातलेला तुकडा) बाहेर पडणार आहे आणि लेनमध्ये ३०० नॅनोग्रॅम डीएनए चढवलाय, तर त्या तुकड्याच्या वाट्याला येतात ६ नॅनोग्रॅम. एक टक्क्याच्या जेलमध्ये तो पसरतो, खाली डायच्या सावलीत जातो आणि नजरेला पडत नाही. "इन्सर्ट बाहेर आलं नाही" म्हणून दोनदा डायजेशन लावलेल्या एका मुलाला मी तीच ट्यूब दोन टक्क्यांच्या जेलवर दुप्पट चढवायला लावली. इन्सर्ट पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

तिसरा प्रश्न जरा कसबाचा. सुपरकॉइलच्याही पुढे एखादा फिकट बँड पळतोय आणि काही केल्या कापला जात नाही, असं आहे का? तो पीळ कायमचा बिघडलेला प्लाझ्मिड. मिनीप्रेपमध्ये, म्हणजे जिवाणूंतून प्लाझ्मिड काढताना, सोडियम हायड्रॉक्साइडचा लायसिस बफर घातल्यावर ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवलं की दोन धागे सुटतात आणि परत जुळताना चुकीचे गुंततात. एन्झाइमला दुहेरी धागाच सापडत नाही, मग ते कापणार कुठे? यावर उपाय नाही. नवीन प्रेप करा आणि त्या पायरीला घड्याळ लावा.

नकाशा उघडा

आता सिक्वेन्स. साइट आहे ना? एकच आहे ना? हा प्रश्न बालिश वाटतो, पण "फाइलमध्ये तर होती" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. फाइल कुणी बनवली, कधी बनवली, आणि फ्रीजरमधल्या ट्यूबशी तिचा संबंध अजून शिल्लक आहे का, हे विचारा.

एन्झाइम नेमकं काय बघतं ते डोक्यात असलं की नकाशा वाचायला सोपा जातो. नेहमीच्या वापरातली ही एन्झाइमं दोन सारख्या अर्ध्यांची जोडी असते, म्हणून ती बहुधा ओळखतात तो शब्दही सममित असतो. "रामाला भाला मारा" उलटं वाचलं तरी तेच येतं. डीएनएमधला उलटसुलटपणा थोडा वेगळा: एका धाग्यावर जी-ए-ए-टी-टी-सी असेल तर समोरच्या धाग्यावर, विरुद्ध दिशेने वाचताना, तेच जी-ए-ए-टी-टी-सी येतं. इकोआर-वनचा एक अर्धा भाग एका धाग्यावर जी आणि ए यांच्यामध्ये कापतो, दुसरा अर्धा भाग समोरच्या धाग्यावर तेच करतो, आणि दोन्ही टोकांना ए-ए-टी-टी अशी चार बेसची एकेरी शेपटी उरते. स्मा-वन मात्र मधोमध सरळ कापतं, शेपटी ठेवत नाही. सहापैकी एक अक्षर बदललं की योग्य परिस्थितीत एन्झाइम त्या जागेकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे प्रायमरमध्ये (डीएनएच्या प्रती काढायला, म्हणजे पीसीआरला, लागणाऱ्या छोट्या तुकड्यात) एका बेसची चूक झाली असेल तर ती साइट संपली, कितीही युनिट ओता.

दोन एन्झाइमं एकत्र लावत असाल तर साइटमधलं अंतर बघा. पीयूसी-१९ या प्लाझ्मिडच्या क्लोनिंग पट्ट्यात (जिथे नवा तुकडा घालतात) जी-जी-टी-ए-सी-सी-सी-जी-जी-जी असा भाग आहे. यातली पहिली सहा अक्षरं केपीएन-वनची, शेवटची सहा स्मा-वनची; मधली दोन सी दोघांत सामाईक. केपीएन-वनने आधी कापलं की स्मा-वनचा शब्दच मोडतो. साइट एकमेकींत न मिसळता नुसत्या अंगाला अंग लागून असल्या तरीही एकाने कापल्यावर दुसरी अगदी टोकाला येते, आणि टोकावर एन्झाइमला बसायला जागा राहत नाही.

हाच न्याय पीसीआर प्रॉडक्टला लागू होतो. प्रायमरच्या अगदी टोकाला साइट लिहून मोकळं होऊ नका. साइटच्या बाहेर सहा बेस जास्तीचे ठेवले की जवळपास सगळी एन्झाइमं खूश असतात. काहींना एक-दोन बेसही पुरतात, काही हट्टी असतात. प्रायमर आधीच येऊन पडले असतील आणि टोक आखूड असेल, तर प्रॉडक्ट आधी टीए किंवा ब्लंट व्हेक्टरमध्ये (तुकडा वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडमध्ये) घालून तिथून कापून काढा.

आणखी एक, कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: काही एन्झाइमांना नीट कापायला एकाच वेळी दोन साइट हाताशी लागतात. एसएफआय-वन चार घटकांचं मिळून काम करतं आणि दोन साइट एकत्र धरून कापतं. प्लाझ्मिडवर त्याची एकच साइट असेल तर काम रेंगाळतं. अशा वेळी एन्झाइमला नाव ठेवू नका, त्याच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं.

रिअ‍ॅक्शन कशी लावली ते बोलून दाखवा

मी समोरच्याला नेहमी सांगते, काल काय केलंस ते पायरी पायरीने मोठ्याने बोल. निम्म्या चुका बोलतानाच सापडतात.

तापमान. सगळी एन्झाइमं ३७ अंशांची नसतात. स्मा-वन २५ अंशांचं, टॅक-वन ६५ चं, एसएफआय-वन ५० चं. स्मा-वन सवयीने ३७ च्या ब्लॉकवर ठेवलं की अर्ध्या तासात ते दमतं आणि तुम्हाला अर्धवट डायजेशन मिळतं.

एन्झाइम घातल्यावर मिसळलं का? ते ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, पाण्यापेक्षा जड. टिपमधून सोडलं की मधासारखं तळाशी जाऊन बसतं. ट्यूब उजेडात धरली तर तळाशी तरंगणारी रेषा दिसते, जणू पाण्यात साखरेचा पाक. एन्झाइम सगळ्यात शेवटी घाला, पिपेटने हलकेच वरखाली करा किंवा बोटाने टिचकी मारा, मग क्षणभर फिरवून खाली आणा. व्होर्टेक्स नको.

ग्लिसरॉलचा हिशेब. रिअ‍ॅक्शनमध्ये तो ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. २० मायक्रोलिटरमध्ये दोन एन्झाइमं एकेक मायक्रोलिटर घातली की बरोबर ५ टक्के झाले, तिसरं घालायला जागा नाही. ग्लिसरॉल वाढला, मीठ कमी पडलं, पीएच चढला किंवा मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज आलं की एन्झाइमची नजर सैल होते आणि ते जवळपास तसाच दिसणारा शब्दही कापतं. इकोआर-वन अशा वेळी मधल्या ए-ए-टी-टी वर समाधान मानतं. यालाच स्टार अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. खाली दिसणाऱ्या जास्तीच्या बँडचं हे नेहमीचं कारण.

इथेच रात्रभर ठेवण्याच्या सवयीबद्दल माझी तक्रार नोंदवते. १० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवली की सकाळी झाकणाच्या आत पाण्याचे थेंब असतात. पाणी वर गेलं, म्हणजे खाली ग्लिसरॉल आणि मीठ दोन्ही दाट झालं. काल ५ टक्के होता तो आज किती झाला कोण जाणे. तासाभरात जे होत नाही त्याला रात्रभर ठेवणं हा इलाज नव्हे. ठेवायचंच असेल तर वरून गरम झाकण असलेल्या पीसीआर यंत्रात ठेवा आणि आकारमान ५० मायक्रोलिटर घ्या.

युनिट. एक युनिट म्हणजे बहुतेक एन्झाइमांच्या बाबतीत एका तासात १ मायक्रोग्रॅम लॅम्डा (या विषाणूचा) डीएनए पूर्ण कापणारं प्रमाण. आता लॅम्डा आहे ४८,५०२ बेस-जोड्यांचा आणि त्यात इकोआर-वनच्या साइट पाच. म्हणजे साधारण ९,७०० जोड्यांमागे एक. पीयूसी-१९ मध्ये २,६८६ जोड्यांमागे एक. तेवढ्याच वजनाच्या डीएनएमध्ये साइट साडेतीन पटींहून जास्त झाल्या. त्यावर सुपरकॉइल डीएनए कापायला काही एन्झाइमांना आणखी जोर लागतो. म्हणून मायक्रोग्रॅममागे ५ ते १० युनिट घालायची पद्धत आहे. एक युनिट काटेकोर मोजून घालणारा माणूस काटकसरी नाही, तो अर्धवट डायजेशन विकत घेतोय.

आणि बफर. पूर्ण वितळलाय का, हलवून घेतलाय का, दहापटीचा आहे की पाचपटीचा? बफरमधलं मॅग्नेशियम हा या सगळ्याचा प्राण आहे. ते नसेल तर इकोआर-वन साइट शोधतं, तिच्यावर घट्ट बसतं, आणि बसूनच राहतं. साखर-फॉस्फेटचा बंध पाण्याच्या रेणूने तोडायचा तर तिथे मॅग्नेशियम लागतंच.

चार ट्यूब

वरचं सगळं ठीक असेल तर आता थोडे पैसे आणि दीड तास खर्च करा. हा भाग कुणी गाळला तर मी पुढे मदत करत नाही, इतकं माझं यावर बसलंय.

पहिली ट्यूब: तुमचा डीएनए आणि बफर, एन्झाइमच्या जागी पाणी. दुसरी: तुमचा डीएनए आणि एन्झाइम. तिसरी: ओळखीचा डीएनए आणि तेच एन्झाइम. चौथी: तुमचा आणि ओळखीचा, दोन्ही एकाच ट्यूबमध्ये, एन्झाइमसह. चारही एकाच ब्लॉकवर, एकच वेळ. ओळखीचा म्हणजे लॅम्डा, किंवा या एन्झाइमने पूर्वी स्वच्छ कापला गेलेला एखादा प्लाझ्मिड, ज्याचे बँड तुमच्या बँडवर बसणार नाहीत.

आता वाचन. तिसरी कापली गेली नाही: दोष एन्झाइम, बफर किंवा तापमानात. तिसरी कापली गेली पण चौथीत काहीच कापलं गेलं नाही: तुमच्या डीएनएबरोबर काहीतरी विष आलंय जे एन्झाइमला मारतंय. तिसरी कापली गेली, चौथीत ओळखीचा डीएनए कापला गेला पण तुमचा नाही: ट्यूबमध्ये विष नाही, दोष तुमच्या डीएनएच्या अंगातच आहे, म्हणजे साइट नाही किंवा झाकलेली आहे. पहिल्या ट्यूबमध्येच धूर: न्यूक्लिएज.

पहिली ट्यूब बर्फात ठेवून चालत नाही, हे मुद्दाम सांगते. न्यूक्लिएजलाही मॅग्नेशियम आणि उबच हवी असते. फ्रीजरमध्ये ठणठणीत दिसणारा प्लाझ्मिड बफर मिळताच ३७ अंशांवर तासाभरात विरघळतो आणि आळ एन्झाइमवर येतो. एचबी-१०१ किंवा बीएल-२१ सारख्या, एंडोन्यूक्लिएज-ए शाबूत असलेल्या जिवाणूंमधून प्रेप केली असेल तर मिनीप्रेपचा धुण्याचा जास्तीचा टप्पा गाळू नका. शक्य असेल तर प्लाझ्मिड डीएच-५-अल्फामध्ये हलवा.

लॅम्डा हिंड-थ्रीने कापला असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. आठ तुकडे व्हायला हवेत, पण ४,३६१ चा बँड फिका आणि २३,१३० चा जाड दिसतो. दोघांच्या टोकांना लॅम्डाच्या जुळणाऱ्या शेपट्या आहेत, त्या एकमेकांना धरतात. चढवण्याआधी काही मिनिटं ६५ अंशांवर ठेवा. नाहीतर तुमचा कंट्रोलच अर्धवट कापलाय असं समजून तुम्ही वेगळ्याच वाटेला लागाल.

विष असेल तर

नेहमीचे गुन्हेगार: कॉलममधून (डीएनए शुद्ध करायच्या गाळणीतून) आलेलं इथेनॉल, ग्वानिडीन मीठ, फिनॉल, आणि मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए.

इथेनॉल ओळखायला यंत्र लागत नाही. नमुना वेलमध्ये सोडताना तो खाली बसण्याऐवजी धुरासारखा वर उडतो, डायसकट. धुण्याच्या टप्प्यानंतर कॉलम रिकाम्या ट्यूबवर पुन्हा एक-दोन मिनिटं फिरवा आणि बुडाला थेंब लटकत नाही ना ते बघा. झालेल्या नमुन्याची ट्यूब झाकण उघडं ठेवून ५० अंशांवर काही मिनिटं ठेवली तरी बरंच इथेनॉल उडून जातं.

नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) २६०/२८० चं गुणोत्तर १.८ आलं की लोक खूश होतात. त्याच्या शेजारचा २६०/२३० चा आकडा बघा. तो २ च्या आसपास हवा. १ च्या खाली असेल तर ग्वानिडीन मीठ राहिलंय. आणि नॅनोड्रॉपला आरएनए आणि डीएनए यांतला फरक कळत नाही, दोन्ही २६० ला प्रकाश शोषतात. कागदावर ४०० नॅनोग्रॅम आणि जेलवर पुसट बँड, खाली मात्र आरएनएचा ढग, असं दिसलं की तुमचा डीएनए कागदावरच जास्त आहे.

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे पातळ करणं. प्रेपचा वाटा रिअ‍ॅक्शनच्या पाव हिस्स्यापेक्षा कमी ठेवा, एकूण आकारमान ५० करा. डीएनए तेवढाच राहतो, विषाची तीव्रता उतरते. साध्या टीई बफरमधल्या १ मिलीमोलर ईडीटीएला मी फारशी घाबरत नाही, बफरमधल्या १० मिलीमोलर मॅग्नेशियमपुढे ते किरकोळ आहे. पण प्रेपच रिअ‍ॅक्शनच्या निम्म्याहून जास्त ओतलीत, किंवा चुकून दाट टीई वापरलंत, तर ते जाणवतं. पातळ करून भागलं नाही तर कॉलमवरून पुन्हा शुद्ध करा आणि पाण्यात किंवा साध्या ट्रिसमध्ये काढा.

साइट आहे, स्वच्छ आहे, तरी कापली जात नाही

इथे माझे दोन आठवडे गेले होते, म्हणून जरा सविस्तर.

एक्सबा-वनची साइट टी-सी-टी-ए-जी-ए. रिकामा व्हेक्टर त्याने लोण्यासारखा कापला जायचा. त्याच व्हेक्टरमध्ये माझं इन्सर्ट घातलेला क्लोन मात्र कापलाच जाईना. नवीन प्रेप, नवीन बफर, दुप्पट एन्झाइम, सगळं करून झालं. चौथ्या ट्यूबमध्ये शेजारचा रिकामा व्हेक्टर कापला जात होता, माझा क्लोन ढिम्म. सिक्वेन्स करून आणला तर साइट अक्षरन् अक्षर जागेवर. शेवटी कागदावर साइटच्या पुढची अक्षरं लिहिली आणि डोक्यात प्रकाश पडला: साइट संपली की माझं इन्सर्ट टी-सी ने सुरू होत होतं. टी-सी-टी-ए-जी-ए-टी-सी. शेवटची चार अक्षरं वाचा: जी-ए-टी-सी.

ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमधलं डॅम नावाचं एन्झाइम जिथे जी-ए-टी-सी दिसेल तिथल्या ए वर मिथाइल गट बसवतं. माझ्या जोडावर योगायोगाने तो शब्द तयार झाला होता आणि मिथाइल बसलेला ए एक्सबा-वनच्या साइटमधला होता. जिवाणूच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही. रिस्ट्रिक्शन एन्झाइमं म्हणजे बाहेरून घुसणाऱ्या विषाणूचा डीएनए कापायची हत्यारं, आणि स्वतःच्या डीएनएवर मिथाइलची खूण ही ती हत्यारं स्वतःवर उलटू नयेत म्हणूनची सोय. व्हेर्नर आर्बर यांनी १९६० च्या दशकात हेच कोडं सोडवलं. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये ठरावीक शब्दावर कापणारं एन्झाइम दाखवलं. डॅनियल नेथन्स यांनी कॅथलीन डॅना यांच्यासह त्या एन्झाइमने एसव्ही-४० विषाणूचा डीएनए ११ तुकड्यांत कापला. १९७८ चं नोबेल या तिघा पुरुषांना मिळालं. डॅम तसं या संरक्षणव्यवस्थेचा भाग नाही, ते डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करताना जुना धागा ओळखायला कामी येतं. पण एक्सबा-वनला खुणेचा हेतू कळत नाही, अडथळा कळतो.

क्ला-वनचंही तसंच, शेजारच्या अक्षरांवर अवलंबून. बीसीएल-वनच्या साइटमध्ये जी-ए-टी-सी आतच आहे, त्यामुळे नेहमीच्या ई. कोलायमधून काढलेल्या प्लाझ्मिडवर ते कधीच कापत नाही. गंमत म्हणजे बॅमएच-वनच्या साइटमध्येही जी-ए-टी-सी आहे, पण त्याला काही फरक पडत नाही. म्हणून नियम पाठ करू नका, प्रत्येक एन्झाइमचं पान उघडून बघा. डीसीएम हे दुसरं मिथाइल बसवणारं एन्झाइम. ते सी-सी-ए-जी-जी आणि सी-सी-टी-जी-जी मधल्या आतल्या सी वर काम करतं. सस्तन प्राण्यांच्या जिनोमिक डीएनएत सी-जी वरचं मिथाइल असतं, तिथे नॉट-वन अडतं.

शंका तपासायला सोपी चाचणी आहे. डीपीएन-वन फक्त मिथाइल असलेलं जी-ए-टी-सी कापतं, एमबो-वन फक्त मिथाइल नसलेलं. प्लाझ्मिड डीपीएन-वनने चुरा झाला आणि एमबो-वनने तसाच राहिला की डॅमची खूण आहे. मग प्लाझ्मिड डॅम आणि डीसीएम नसलेल्या जिवाणूत घाला, जेएम-११० सारख्या, आणि तिथून नवीन प्रेप काढा. कॉलनी कमी येतात, घाबरू नका. मात्र प्लाझ्मिड तिथे कायमचा ठेवू नका: डॅम नाही म्हणजे चूक-दुरुस्ती ढिली, म्युटेशन जास्त. प्रेप काढा, ग्लिसरॉल स्टॉक मूळ स्ट्रेनचाच ठेवा. माझा क्लोन असाच पहिल्या फटक्यात कापला गेला.

कुठे थांबायचं

तिसरी ट्यूब दोनदा, नव्या बफरनेही, कापली गेली नाही, तर एन्झाइमवर आता खुशाल संशय घ्या. कुणीतरी ती ट्यूब बेंचवर विसरलं असेल, किंवा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ती दाराजवळ पडून असेल. दुप्पट-तिप्पट घालून रेटू नका, ग्लिसरॉल चढेल. पुरवठादाराच्या तांत्रिक मदतीला लॉट क्रमांक, चारही ट्यूबचा तक्ता आणि लॅडरसकट जेलचा फोटो पाठवा. या तीन गोष्टी पहिल्याच पत्रात असल्या की चौकशीच्या फेऱ्या वाचतात.

मिथाइल नाही, विष नाही, तरी फक्त तुमचाच डीएनए कापला जात नसेल तर पाचवं डायजेशन लावू नका. संपूर्ण प्लाझ्मिडचं सिक्वेन्सिंग करून घ्या. साइटपुरती एक रीड नको, संपूर्णच. कारण मध्येच काही गळलं असेल किंवा दोन प्लाझ्मिडची भेसळ असेल तर ते त्याशिवाय दिसत नाही.

फिनॉल-क्लोरोफॉर्मने शुद्ध करायची वेळ आली आणि तुम्ही ते कधी केलेलं नसेल, तर एकट्याने करू नका. फिनॉल कातडी भाजतं आणि ती जागा बधिर करतं, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं. फ्यूम हूड आणि अनुभवी माणूस दोन्ही हवेत. तसंच वनस्पतींचा चिकट, साखरेने भरलेला जिनोमिक डीएनए किंवा पल्स्ड-फील्ड जेलसाठी अ‍ॅगरोजमध्येच कापायचा डीएनए: ही कामं ज्या प्रयोगशाळेत रोज होतात तिथे नमुना घेऊन जा आणि एकदा शेजारी उभं राहून बघा.